जुनी वस्तू ऑनलाइन घेताना: इसार देण्याआधी काय काय बघायचं

पुतण्याला कॉलेजला जायला गाडी हवी होती. नवी ॲक्टिव्हा परवडणारी नव्हती, म्हणून एका जाहिरातींच्या ॲपवर शोधाशोध सुरू केली आणि तिसऱ्याच दिवशी 'सापडली'. २०१८ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, एकच मालक, भाव २२,०००. तसल्या गाडीचा चालू भाव चाळीस हजारांच्या आसपास आहे हे मला माहीत होतं, तरी फोन केला. समोरचा हिंदीत, अगदी अदबीने बोलत होता. फौजेत आहे, लोहगावला होतो, आता बदली झाली, गाडी सोबत न्यायची सोय नाही. मी न मागताच ओळखपत्र, कँटीन कार्ड, आरसी आणि गणवेशातला फोटो व्हॉट्सॲपवर आला. गाडी बघायला येतो म्हटलं, तर कँपात बाहेरच्यांना सोडत नाहीत. पण फौजेच्या पार्सलने घरपोच पाठवतो, पसंत पडली तरच पैसे द्या. पार्सलचे तेवढे २,१५० आधी.

मी दिले. तासाभराने 'डिलिव्हरीवाल्या'चा फोन आला: गाडीला जीपीएस लावलाय, त्याचं डिपॉझिट ५,१००, गाडी मिळताच परत. पिन टाकायला ॲप उघडलं होतं, तेवढ्यात वहिनीने विचारलं, "भावोजी, गाडी बघितलीत का तुम्ही?"

नव्हती बघितली. ५,१०० वाचले ते वहिनीमुळे. पुढे याच कथेच्या बऱ्याच आवृत्त्या ऐकल्या. जीपीएसनंतर जीएसटी येतो, मग 'पैसे दोन मिनिटं उशिरा आले म्हणून सिस्टीमने घेतले नाहीत, परत पाठवा, आधीचे रिफंड होतील' असं सुरू होतं. माणूस आधीचे वाचवायला पुढचे घालत जातो.

त्यानंतर मी दोन मोबाईल, एक फ्रीज, एक लॅपटॉप आणि शेवटी एक गाडीही वापरलेलीच घेतली, ऑनलाइन जाहिराती बघूनच. म्हणजे हा बाजार वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात आपण वस्तू हातात घेतो, उलटीपालटी करतो, घासाघीस करतो आणि मग खिशात हात घालतो. ऑनलाइनही हाच क्रम ठेवायचा: आधी वस्तू, मग तिचा नंबर आणि कागद, शेवटी पैसे. समोरचा भामटा असेल तर त्याची सगळी धडपड हा क्रम उलटा करण्यासाठी चाललेली असते.

जाहिरात वाचताना

आवडलेल्या जाहिरातीवर लगेच फोन करू नका. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या दहा-बारा जाहिराती बघा आणि भाव कागदावर लिहून काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण चालू भाव कळतो. त्यापेक्षा तीसेक टक्क्यांनी खाली असलेली वस्तू दिसली, तर कारण शोधायचं.

कारण खरंही असू शकतं. मे-जूनमध्ये पुण्यात बाहेरगावची मुलं खोल्या सोडतात. तेव्हा कूलर, कॉट, टेबल, छोटे फ्रीज अक्षरशः मिळेल त्या भावाला जातात. दसरा-दिवाळीनंतर जुने मोबाईल आणि टीव्ही खूप येतात. मग खरी घाई आणि खोटी घाई ओळखायची कशी? ज्याला परवा खोली रिकामी करायची आहे, तो म्हणतो, "आज संध्याकाळीच या, घेऊन जा." भामटा म्हणतो, "आजच पैसे टाका, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." एकाला तुम्ही यायला हवे असता, दुसऱ्याला तुम्ही येणं अजिबात परवडत नाही.

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच सोफा जयपूर आणि इंदूरच्या जाहिरातींतही दिसला तर प्रश्न मिटला. फोटोतला मागचा भागही बघा. जाहिरात कोथरूडची आणि मागे उभ्या गाड्यांवर दुसऱ्याच राज्याचे नंबर, असं मी दोनदा पाहिलंय. विकणाऱ्याचं खातं कधी उघडलंय, त्याच्या आणखी जाहिराती आहेत का, तेही बघावं. कालच उघडलेल्या खात्यावर पाच शहरांतल्या पाच गाड्या असतील, तर तो घरगुती विकणारा नव्हे. उलट जुनं खातं आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. खाती हॅक होतात, आणि ओळखीच्या माणसाच्या फेसबुक खात्यावरून 'मित्राची बदली झालीय, फर्निचर स्वस्तात काढतोय' असा मेसेज येणं आता नेहमीचं झालंय. असा मेसेज आला की त्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारायचं.

पहिलं बोलणं

कधी घेतली, कुठून घेतली, बिल आहे का, का विकताय, हे विचाराच. पण माझ्या लेखी महत्त्वाचा प्रश्न एकच: "बघायला कधी येऊ?" त्याला सरळ उत्तर आलं नाही की बोलणं तिथेच संपवायचं. मी बाहेरगावी आहे, वस्तू गोदामात आहे, कँपात आहे, आधी टोकन टाका मग पत्ता देतो; कारण कितीही पटणारं असो.

जाण्यायेण्यात अर्धा दिवस जाणार असेल तर आधी व्हिडिओ कॉल मागा. नुसता व्हिडिओ नको, तो कुणाचाही असू शकतो. कॉलवर आपण सांगू ते करायला लावायचं: फ्रीजचं दार उघडा, आतल्या बाजूचा मॉडेल नंबरचा स्टिकर दाखवा, आता प्लग काढून परत लावा. वस्तू जवळ असलेला माणूस कुरकुरत का होईना, करतो.

आणि ओळखपत्राचं. आधार कार्डाचा फोटो आला की आपल्याला धीर येतो, पण त्या फोटोने काहीच सिद्ध होत नाही. मला आलेलं कार्ड बहुधा आधी फसलेल्याच कुणाचं तरी असणार. म्हणून आपल्या आधारचा फोटो 'बिल बनवायला लागेल' म्हणून मागितला तर देऊ नका. पुढच्या गिऱ्हाइकाला 'विकणारा' म्हणून तुमचं कार्ड दाखवलं जाईल. अगदीच द्यावं लागलं तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार काढा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पैसे कुठे मागतात

यूपीआयचा पिन लागतो तो पैसे पाठवायला (आणि शिल्लक बघायला). पैसे मिळवायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावं लागत नाही. हे बहुतेकांना पाठ असतं, तरी 'रिफंडचा क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा' म्हटल्यावर भलेभले स्कॅन करतात, कारण तोवर पैसे अडकलेले असतात आणि डोकं जाग्यावर नसतं. माणसामाणसांत पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली, त्यामुळे तो एक रस्ता बुजला. क्यूआरचा रस्ता मोकळाच आहे.

विकणाऱ्याने पाठवलेली लिंक उघडून तिथे कार्डाचा नंबर टाकायचा नाही. 'डिलिव्हरी ट्रॅक करायला' म्हणून आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) फोनमध्ये घ्यायची नाही. स्क्रीन दाखवायला एनीडेस्कसारखं ॲप घ्या म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा. जुन्या टेबलाच्या व्यवहारात माझी स्क्रीन बघायचं कुणाला काय कारण?

टोकन किंवा इसार वस्तू न बघता शंभर रुपयेही देऊ नये, हा माझा आता नियम आहे. यात एखादी चांगली वस्तू हातची जाते. माझ्याही दोन गेल्या. जाऊ दे.

मोबाईल घेताना

सगळ्यांत जास्त घोळ मोबाईलमध्ये आहेत. वस्तू हातात असते, चालू असते, आणि तरीही चोरीची किंवा हप्त्यात अडकलेली असू शकते. म्हणून इथे थोडं थांबू.

*#०६# डायल केलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर दिसतो, १५ आकडी. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. ते बिलावरच्या आणि बॉक्सवरच्या नंबरांशी ताडून बघा. मग आपल्या फोनवरून इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून तो आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा ॲपवरही ही तपासणी होते. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात आहे असं काही आलं तर फोन परत द्या आणि निघा. कंपनी आणि मॉडेलही उत्तरात येतं. हातातला फोन एक आणि उत्तरात दुसरंच मॉडेल, याचा अर्थ आयएमईआय बदललेला आहे. तो बदलणं हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यात एक फट आहे. आज स्वच्छ आलेला नंबर उद्या काळ्या यादीत जाऊ शकतो, कारण ज्याचा फोन गेला त्याने कदाचित अजून तक्रारच केलेली नसते. म्हणून बिल हवंच, आणि पावतीही. बिलावरचं नाव समोरच्या माणसाचं नसेल तर ते कुणाचं, हे विचारा. बहिणीचं असेल तर बहिणीला फोन लावायला सांगा. चोरीचा माल आहे हे कळत असताना, किंवा तसं मानायला जागा असताना तो ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ३०,००० चा फोन बिलाविना ७,००० ला घेतला, तर 'मला काय माहीत' हे पोलिसांना पटवणं जड जातं.

पुढची पायरी लोक हमखास गाळतात. विकणाऱ्यासमोर फोन रिसेट करायला लावा. त्याआधी त्याने आपलं गूगल खातं काढायचं. आयफोन असेल तर ॲपल खात्यातून बाहेर पडायचं आणि 'फाइंड माय' बंद करायचं. रिसेट झाल्यावर आपल्या हॉटस्पॉटला जोडून, आपलं खातं टाकून, थेट होमस्क्रीन येईपर्यंत फोन सुरू करायचा. वाटेत जुन्या मालकाचं खातं किंवा पिन मागितला तर त्याने तिथल्या तिथे टाकून सोडवायचं. 'घरी जाऊन पासवर्ड पाठवतो' चालणार नाही. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये फायनान्स कंपनीचं लॉक असतं आणि रिसेटनंतर फोन इंटरनेटला जोडला की ते परत येतं. हॉटस्पॉट जोडायचा तो यासाठीच. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. चहा सांगा.

त्यानंतर नेहमीचं: आपलं सिम टाकून फोन लावणं, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, चार्जिंग, पांढऱ्या पडद्यावर डाग. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जनरल, अबाउट इथे गेलं की कुठला भाग बदललाय आणि तो अस्सल आहे का हे नव्या मॉडेलांत दिसतं.

लॅपटॉप, फ्रीज वगैरे

लॅपटॉपचा मोठा धोका म्हणजे तो कंपनीचा असणं. नोकरी सोडताना परत न केलेले लॅपटॉप बाजारात येतात. सुरू करताना एखाद्या संस्थेचं नाव येत असेल, बायोसला (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जना) पासवर्ड असेल, किंवा मॅकबुक 'रिमोट मॅनेजमेंट' दाखवत असेल तर हात लावू नका. ती कंपनी तो लांबून बंद करू शकते. सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा. खरेदीची तारीख आणि विकणाऱ्याची कथा जुळते का ते कळतं.

फ्रीज बघायला जाताना सांगून ठेवा की सकाळपासून चालू ठेवा. आपण गेल्यावर चालू केलेला फ्रीज काहीच सांगत नाही. वॉशिंग मशिनमध्ये पाणी भरून एकदा स्पिन बघायचा. घर मोडून विकणाऱ्यांकडे आणि 'घरगुती' म्हणून जाहिरात देणाऱ्या दुकानदारांकडे फरक लगेच दिसतो: एका खोलीत चार फ्रीज उभे असतील तर ते घर नव्हे. दुकानदाराकडून घ्यायला हरकत नाही, पण मग पक्कं बिल आणि महिनाभराची तरी लेखी हमी मागा.

गाडी घेताना

सुरुवात सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून. मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत दिसते, आणि कर्जाचा बोजा आहे का तेही. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं असतं, म्हणून विकणाऱ्याला त्याच्या डिजीलॉकरमधली आरसी आपल्यासमोर उघडायला सांगा. व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो हा पुरावा नाही. मलाही एक आला होता. मग गाडीजवळ वाका आणि चासी नंबर, इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. खरवडल्यासारखं किंवा नव्याने ठोकल्यासारखं दिसलं तर पुढे जायचं नाही.

दंड बाकी आहेत का, हे महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांच्या ई-चलानच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून कळतं. दुचाकीवर चार-पाच हजारांचे दंड सहज साठलेले असतात. ते विकणाऱ्याने भरायचे किंवा भावातून कापायचे, हे आधी बोलून घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलीय का तेही बघा, नाहीतर तो खर्च तुमच्यावर.

कागद असे: फॉर्म २९ आणि फॉर्म ३० नावबदलीसाठी. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म २८. मूळ मालक वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर, त्यासाठी फॉर्म ३१. सही केलेले कोरे २९-३० पुढे करून 'कधीही नावावर करा' म्हणणारा बहुधा मधला दलाल असतो आणि खरा मालक दोन हात मागे कुठेतरी. अशा वेळी मालकाशीच बोलायचं, तोही समोरासमोर.

विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाकायचा. नावबदली होईपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. त्यामुळे जाणता विकणारा स्वतःच 'आधी नाव बदला' म्हणून मागे लागतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याविषयी शंका घ्यावी. शक्य तिथे थोडी रक्कम नावबदलीची पावती मिळेपर्यंत मागे ठेवा आणि तसं लिहून घ्या.

भेट, पैसे, पावती

दिवसा, आणि एकट्याने नाही. मोबाईलसाठी गजबजलेलं हॉटेल किंवा मॉलचं प्रवेशद्वार ठीक, मोठ्या वस्तूसाठी मात्र जिथे ती वापरात होती ते घरच. रोख घेऊन फिरू नका. सगळं तपासून झालं की आधी १ रुपया पाठवा. पाठवताना बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते समोरच्या माणसाचं हवं. 'भावाच्या खात्यावर टाका' म्हणाला तर कारण विचारा आणि पावतीत भावाचं नाव लिहा. मग उरलेले पैसे, आणि लगेच पावती. मी घरून लिहून नेतो, मजकूर असा:

"मी ______, राहणार ______, माझ्या मालकीचा ______ (कंपनी व मॉडेल), आयएमईआय/सिरियल नंबर ______, आज दि. ______ रोजी ______ यांना रु. ______ ला विकला. रक्कम यूपीआयने मिळाली, व्यवहार क्रमांक ______. वस्तू चोरीची नाही, तिच्यावर हप्ता किंवा कर्ज बाकी नाही. मालकीवरून वाद निघाल्यास जबाबदारी माझी. सही, मोबाईल नंबर."

कागद पुढे केल्यावर लोक जरा बिचकतात, पण खरा मालक सही करतो. एकदा लॅपटॉप दाखवायला आलेला एक मुलगा 'पेन घेऊन येतो' म्हणून गेला तो गेलाच. पेन माझ्या हातात होतं.

फसलातच तर

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, लगेच. रात्र असली तरी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवले जातात. ते कुठेतरी गोठवता येणं पहिल्या काही तासांवर अवलंबून असतं. हाताशी ठेवा: यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि तो घेऊन बँकेत व पोलीस ठाण्यात जा. रागाच्या भरात चॅट उडवू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी जाहिरातीचे आणि खात्याचे स्क्रीनशॉट घ्या. रक्कम लहान आहे म्हणून सोडूनही देऊ नका. एकाच नंबरावर वीस तक्रारी जमल्या की त्याला वजन येतं.

बँक भरपाई देईल या भरवशावर मात्र राहू नये. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन तुम्हीच टाकलेला असतो. गोठवलेले पैसे परत मिळतात, पण सावकाश. त्या काळात 'तुमचे पैसे काढून देतो, फी अमुक' म्हणणारे फोन येतात. तीही त्याच धंद्यातली मंडळी. आणि ॲपचा किंवा बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका, ॲपच्या आतूनच घ्या.

माझे २,१५० काही परत आले नाहीत. मी तिसऱ्या दिवशी तक्रार केली होती, तोवर खातं रिकामं. वर्षभराने जाहिराती चाळताना तीच ॲक्टिव्हा परत दिसली, तोच फोटो, मागे तीच तुळशीची कुंडी. या वेळी ती नाशिकला होती आणि मालकाची बदली झालेली होती. जाहिरातीची तक्रार केली, नंबर संचार साथीच्या 'चक्षू'वर, म्हणजे संशयित फोन-मेसेज कळवायच्या सोयीवर, टाकला. भाव तेवढा २४,००० झाला होता.